ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमधील त्रयस्थ प्लग-इनची व्यवस्था : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९१ ते २०२५)

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांची चिंता असते. संगीताच्या इतिहासापुरते बोलायचे तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची साधने तुलनेने समाधानकारक आहेत. स्वरलिपीच्या वह्या आहेत, तबकड्या आहेत, चुंबकीय फिती आहेत. फीत जुनी झाली, तिचा थर सुटू लागला, तरी योग्य यंत्र आणि जाणता तंत्रज्ञ मिळाल्यास ती वाजविता येते. १९९० नंतर मात्र संगीतनिर्मितीचे कामकाज हळूहळू संगणकाच्या पडद्यावर गेले आणि साधनाचे स्वरूपच बदलले. आज एखाद्या गीताचा मूळ कार्यदस्तऐवज म्हणजे संगणकावरील एक प्रकल्प-फाइल असते. या फाइलमध्ये गीताचे सर्व काही असते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. त्या गीतातील अनेक ध्वनी ज्या पूरक सॉफ्टवेअरमधून निर्माण झाले, ते प्लग-इन बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणा निर्मात्याचे असते, आणि फाइलमध्ये त्याची फक्त ओळखखूण व त्याच्या कळांच्या स्थिती नोंदविलेल्या असतात. प्लग-इन चालले नाही तर फाइल उघडूनही गीत उघडत नाही.

मोडी लिपीतील कागद आज सामान्य वाचकाला वाचता येत नाही, परंतु लिपी शिकून तो वाचण्याचा मार्ग खुला असतो. प्रकल्प-फाइलच्या बाबतीत तो मार्ग अनेकदा बंद असतो, आणि तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने बंद केला हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच परवाने, करार आणि व्यापारी निर्णय यांच्या इतिहासात शिरतो. त्रयस्थ प्लग-इनला आधार देण्याच्या व्यवस्थेचा इतिहास प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने तपासला आहे.

यजमान आणि पाहुणा

ज्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण व मिश्रण होते त्याला यजमान म्हणतात, आणि प्लग-इन हा त्याच्या घरी आलेला पाहुणा. ध्वनी संगणकात संख्यांच्या रूपाने साठविला जातो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीसाठी प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात. यजमान हे नमुने लहान लहान गठ्ठ्यांनी, उदाहरणार्थ ५१२ नमुन्यांचा एक गठ्ठा याप्रमाणे, प्लग-इनच्या हवाली करतो. प्लग-इनने त्यावर आपली प्रक्रिया करून पुढचा गठ्ठा येण्यापूर्वी, म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंदांच्या आत, तो परत करायचा असतो. हे शक्य व्हावे म्हणून दोघांमध्ये एक ठरलेली बोली लागते. गठ्ठा कोठे ठेवायचा, कळ फिरली हे कसे कळवायचे, प्लग-इनने आपली अवस्था जपण्यासाठी यजमानाला काय द्यायचे, याचे नियम त्या बोलीत असतात. ही बोली ज्याच्या मालकीची, त्याच्या हाती पाहुण्यांना घरात घेण्याचा अधिकार. पुढील सर्व इतिहास या अधिकाराभोवती फिरतो.

कार्डावरचा काळ

कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन या कंपनीने १९८९ मध्ये साउंड टूल्स आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स बाजारात आणले. त्या काळच्या मॅकिंटॉश संगणकाचा मुख्य प्रक्रियक ध्वनिसंस्करणाचे ओझे पेलण्यास असमर्थ होता. म्हणून संगणकात स्वतंत्र कार्ड बसवून त्यावरील मोटोरोला ५६००० मालिकेच्या चिपकडून हे काम करून घेतले जाई. कार्ड डिजिडिझाइनचे, म्हणून बोलीही डिजिडिझाइनची. १९९२ मध्ये इस्रायलमधील वेव्हज या नव्या कंपनीने याच कंपनीच्या साउंड डिझायनर २ या सॉफ्टवेअरसाठी क्यू१० हा दहा पट्ट्यांचा इक्वलायझर तयार केला. व्यापारी तत्त्वावर विकले गेलेले पहिले ध्वनिप्लग-इन म्हणून सर्वसाधारणपणे त्याचा उल्लेख होतो. १९९४ मध्ये डिजिडिझाइनने टीडीएम ही व्यवस्था आणली. तिच्यामुळे कार्डांमध्ये ध्वनीची ने-आण होऊ लागली आणि त्रयस्थ निर्मात्यांची प्लग-इन थेट मिश्रणाच्या पटलावर बसू लागली.

या काळातील प्लग-इन महाग होते आणि ते ज्यावर चाले ते कार्ड त्याहून महाग होते. परिणामी त्रयस्थ निर्मात्यांची संख्या मर्यादित राहिली. तरीही याच व्यवस्थेतून निघालेल्या एका प्लग-इनने जगाचे कान बदलले. तेलशोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदींचे विश्लेषण करणारे अभियंते अँडी हिल्डेब्रँड यांनी त्याच गणिताचा उपयोग स्वराची उंची मोजण्यासाठी व सुधारण्यासाठी केला, आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आले. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गीतात त्याचा परिणाम उघडपणे ऐकू आला. हे प्लग-इन यजमान सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपनीकडून नव्हे, तर त्रयस्थाकडून आले, ही बाब त्रयस्थाचे महत्त्व कळण्यास पुरेशी आहे.

हॅम्बुर्गचा निर्णय

कार्ल स्टाइनबर्ग व मानफ्रेड रुरुप यांनी १९८४ मध्ये हॅम्बुर्ग येथे स्थापन केलेली स्टाइनबर्ग ही कंपनी क्युबेस या सॉफ्टवेअरमुळे प्रसिद्ध होती. १९८९ चे मूळ क्युबेस अटारी संगणकावर चाले आणि त्यात ध्वनी नव्हे, तर मिडी या १९८३ च्या मानकानुसार फक्त स्वरांच्या सूचना नोंदविल्या जात. १९९६ मध्ये पॉवर मॅकिंटॉशसाठी क्युबेस व्हीएसटी आले. व्हीएसटी म्हणजे व्हर्च्युअल स्टुडिओ टेक्नॉलॉजी. त्यात कोणतेही खास कार्ड न लावता संगणकाच्या स्वतःच्या प्रक्रियकावर ध्वनिमिश्रण आणि परिणाम होऊ लागले. सोबत रिव्हर्ब, कोरस, एको आणि ऑटो-पॅनर अशी चार साधी प्लग-इन दिलेली होती. त्यांच्या ध्वनीविषयी आज कोणी विशेष आदराने बोलत नाही.

महत्त्वाचे होते ते दुसरेच. स्टाइनबर्गने या बोलीचे नियम व त्यासाठी लागणारा आज्ञासंच इतर निर्मात्यांना विनामूल्य दिला. करारावर सही करावी लागे, पण शुल्क नव्हते आणि कार्डही विकत घ्यावे लागत नव्हते. सी भाषा जाणणारा एखादा विद्यार्थी घरच्या संगणकावर प्लग-इन लिहू शकत होता, आणि अनेकांनी ते लिहिलेही. प्रतिस्पर्धी यजमानांनीही पुढे व्हीएसटीला आधार दिला. आपल्या प्रतिस्पर्ध्याला आपलीच बोली बोलू देणे हा व्यापारात भोळेपणा वाटेल. प्रत्यक्षात त्यातून असे झाले की, प्लग-इन लिहिणारा प्रत्येक जण स्टाइनबर्गच्या नियमांनुसार लिहू लागला आणि कंपनीचे वजन तिच्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक वाढले. या निर्णयाला औदार्य म्हणण्यापेक्षा दूरदृष्टी म्हणणे अधिक युक्त ठरेल. ती बोली विनामूल्य होती, पण मुक्त नव्हती. हा फरक त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

१९९९ मध्ये व्हीएसटी २.० आले. आता प्लग-इनला मिडी सूचना घेता येऊ लागल्या. आतापर्यंत ते आलेल्या ध्वनीवर केवळ संस्कार करीत असे. आता ते स्वतः वाद्य झाले. क्युबेससोबत आलेले निऑन हे या प्रकारचे पहिले वाद्य. त्यानंतर जुन्या सिंथेसायझरांच्या संगणकीय आवृत्त्यांची लाटच आली. त्यांपैकी एक उदाहरण या निबंधाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. वोल्फगांग पाम यांची पीपीजी ही कंपनीही हॅम्बुर्गचीच. तिचा वेव्ह हा सिंथेसायझर १९८० च्या दशकात गाजला आणि त्याच दशकात कंपनी बंद पडली. २००० च्या सुमारास वाल्डॉर्फ या जर्मन कंपनीने पीपीजी वेव्ह २.व्ही या नावाने त्याचे व्हीएसटी रूप काढले. मूळ वाद्य दुर्मीळ व महाग झालेले असताना त्याचा आवाज कोणाच्याही संगणकात येऊन बसला. या प्लग-इनचे पुढे काय झाले ते योग्य ठिकाणी येईल.

दार न उघडणारे आणि वेगळे दार बांधणारे

सर्वांनीच व्हीएसटी स्वीकारले असे नाही. विंडोजवर केकवॉकसारख्या अमेरिकन सॉफ्टवेअरने मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स व्यवस्थेचा आधार घेतला. मोटू कंपनीच्या डिजिटल परफॉर्मरची स्वतःची बोली होती. डिजिडिझाइनने कार्डाविना चालणाऱ्या प्रो टूल्ससाठी आरटीएएस आणले. एकाच इक्वलायझरची चार-पाच रूपे तयार करणे त्रयस्थ निर्मात्याला भाग पडले. यातून रॅपर नावाचे दुभाषी सॉफ्टवेअर जन्मास आले. एफएक्सपॅन्शन या लंडनच्या कंपनीची अशी दुभाषी साधने व्हीएसटी प्लग-इनला प्रो टूल्समध्ये किंवा मॅकच्या व्यवस्थेत चालवून दाखवीत.

ॲपलने जुलै २००२ मध्ये लॉजिक हे सॉफ्टवेअर बनविणारी एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरील लॉजिक बंद केले. मॅक ओएस एक्स या नव्या व्यवस्थेवरील लॉजिकमध्ये व्हीएसटीला स्थान मिळाले नाही. ॲपलची स्वतःची ऑडिओ युनिट्स ही बोली त्यात अनिवार्य झाली. ज्या संगीतकाराने विंडोजवरील लॉजिकमध्ये कित्येक वर्षे काम केले होते त्याच्यापुढे दोनच पर्याय उरले, संगणक बदलणे किंवा सॉफ्टवेअर बदलणे.

स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेड या कंपनीची भूमिका मात्र स्वतंत्र विचारास पात्र आहे. २००० मध्ये आलेल्या रीझनमध्ये त्रयस्थ प्लग-इनला मुळीच प्रवेश नव्हता. कंपनीची वाद्ये व परिणाम एका आभासी मांडणीत बसविलेले असत आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरशी संबंध ठेवायचा असल्यास १९९८ च्या रीवायर या जोडणीचा वापर करावा लागे. या बंदिस्तपणावर टीका पुष्कळ झाली. पण त्याचा एक लाभ टीकाकारांनी पुरेसा मोजला नाही. एका संगणकावर तयार झालेली रीझनची फाइल दुसऱ्या कोणाच्याही संगणकावरील रीझनमध्ये तशीच वाजे, कारण पाहुणाच नसल्यामुळे त्याच्या गैरहजेरीचा प्रश्न उद्भवत नव्हता. बाजाराच्या रेट्यापुढे ही भूमिका टिकली नाही. २०१२ मध्ये रॅक एक्स्टेन्शन या नियंत्रित स्वरूपात त्रयस्थांना मर्यादित प्रवेश मिळाला आणि २०१७ मध्ये रीझन ९.५ ने व्हीएसटीला दार उघडले. रीवायरचा आधार २०२० अखेर संपला. ज्या गीतांचा अर्धा भाग रीझनमध्ये आणि अर्धा क्युबेसमध्ये होता, त्यांच्या दोन तुकड्यांमधला पूल अशा रीतीने गेला.

चौसष्ट बिटांचा ओलांडा

बत्तीस बिटांच्या सॉफ्टवेअरला जास्तीत जास्त ४ जीबी स्मृती हाताळता येते. वाद्यांच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांचे मोठे संग्रह वापरात आल्यावर ही मर्यादा जाचक झाली आणि यजमान चौसष्ट बिटांकडे वळले. बत्तीस बिटांचे प्लग-इन चौसष्ट बिटांच्या यजमानात थेट बसत नाही. काही यजमानांनी मध्ये पूल टाकले, काहींनी ते टाळले. २०१३ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी लॉजिक प्रो एक्सने बत्तीस बिटांच्या प्लग-इनचा आधार काढून घेतला. प्रो टूल्स ११ ने टीडीएम व आरटीएएस या दोन्ही बोली सोडल्या आणि २०११ मध्ये आणलेल्या एएएक्स या बोलीचे चौसष्ट बिटांचे रूपच शिल्लक ठेवले. पुढे २०१९ च्या मॅक ओएस कॅटालिनामध्ये बत्तीस बिटांची सॉफ्टवेअर चालणेच बंद झाले.

मोठ्या कंपन्यांनी आपली प्लग-इन नव्याने बांधली आणि नव्या आवृत्तीचे पैसे घेतले. परंतु व्हीएसटीच्या मोकळ्या धोरणामुळे जे शेकडो एकांडे निर्माते पुढे आले होते, त्यांच्यापैकी बरेच जण तोपर्यंत दुसऱ्या व्यवसायात गेलेले होते. त्यांची प्लग-इन जागच्या जागी राहिली. पीपीजी वेव्ह २.व्ही ची जागा २०११ च्या सुमारास ३.व्ही ने घेतली, आणि जुने बत्तीस बिटांचे रूप आजच्या मॅकवर उघडत नाही. म्हणजे १९८० च्या दशकातील लोखंडी पेटीतले वाद्य, कोणी त्याची निगा राखली असेल तर, आजही वाजते. त्याच वाद्याचे त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी निघालेले संगणकीय रूप मात्र वाजत नाही.

खूण बदलली की नाते तुटते

व्हीएसटी ३ ही नवी बोली २००८ मध्ये आली. व्हीएसटी २ मध्ये प्रत्येक प्लग-इनची ओळख चार अक्षरांच्या एका संकेताने होई. व्हीएसटी ३ मध्ये ती १२८ बिटांच्या संकेताने होऊ लागली. बाह्यतः हा किरकोळ तांत्रिक बदल आहे. परंतु जुन्या प्रकल्प-फाइलमध्ये जुनी खूण लिहिलेली असते. तेच प्लग-इन, त्याच निर्मात्याचे, त्याच नावाचे असूनही निर्मात्याने मुद्दाम सोय केली नसेल तर यजमान त्याला ओळखत नाही. वहीत नोंद असलेला माणूस दारात उभा असावा आणि पत्ता बदलला म्हणून त्याला परत पाठवावे, तसा हा प्रकार होय.

व्हीएसटी ३ मध्ये सुधारणा नव्हत्या असे मुळीच नाही. २०११ च्या ३.५ आवृत्तीतील एक सुधारणा भारतीय संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जुन्या मिडी मानकात स्वर वाकविण्याची सूचना संपूर्ण वाहिनीला लागू होते. एका वाहिनीवर दोन स्वर एकदम वाजत असतील तर दोन्ही वाकतात. त्यामुळे एक स्वर धरून ठेवून दुसऱ्यावर मींड घेणे अशक्य, आणि प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देण्याचा खटाटोप करावा लागे. नोट एक्स्प्रेशन या नव्या सोयीने प्रत्येक स्वराची उंची व जोर स्वतंत्रपणे बदलता येऊ लागला. सोय उपलब्ध झाली तरी तिचा उपयोग करणारी प्लग-इन मोजकीच निघाली, कारण बहुसंख्य निर्माते व्हीएसटी २ सोडायला तयार नव्हते. चालत्या गाडीची चाके कोण बदलणार, हा त्यांचा विचार चुकीचा म्हणता येत नाही.

स्टाइनबर्ग २००३ मध्ये पिनॅकल कंपनीकडे आणि नंतर यामाहाकडे गेली होती. २०१३ मध्ये तिने व्हीएसटी २ च्या आज्ञासंचाची देखभाल व वितरण थांबविले. ऑक्टोबर २०१८ पासून व्हीएसटी २ चे नवे परवाने देणे बंद झाले. ज्याने आधी करार केला होता तो व्हीएसटी २ प्लग-इन काढू शकत होता, नव्याने येणाऱ्याला ती वाट बंद होती. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने आपल्या यजमान सॉफ्टवेअरमधूनही व्हीएसटी २ दोन वर्षांत हटविण्याचा मानस जाहीर केला, आणि ॲपलच्या नव्या प्रक्रियकावर मूळ स्वरूपात चालणाऱ्या क्युबेस १२ मध्ये त्याला जागाच दिली नाही. विनामूल्य आणि मुक्त यांतील जो फरक १९९६ मध्ये दुर्लक्षित राहिला होता, तो आता सर्वांना कळला.

तो आधीच कळलेला एक गट होता. लिनक्सवर संगीत करणाऱ्यांनी २००० मध्येच रिचर्ड फर्स यांच्या पुढाकाराने लॅड्स्पा ही साधी मुक्त बोली तयार केली होती आणि पुढे तिचा विस्तार एलव्ही२ मध्ये केला. व्हीएसटीचा आज्ञासंच पुनर्वितरित करण्यास करार मना करी, म्हणून मुक्तस्रोत यजमानांना व्हीएसटीचा आधार उघडपणे देता येत नव्हता. एलएमएमएस या प्रकल्पात व्हेस्टिज नावाची जी फाइल तयार झाली, ती स्टाइनबर्गचा मजकूर न वापरता, केवळ प्लग-इनचे वर्तन पाहून बोलीचे नियम मांडण्याचा प्रयत्न होता. इतिहासकाराला हे काम ओळखीचे वाटावे. शिलालेखाची किल्ली हाती नसताना तो वाचण्याचाच हा प्रकार आहे. २०१७ मध्ये व्हीएसटी ३ जीपीएल परवान्याखालीही उपलब्ध झाले. जून २०२२ मध्ये बर्लिनच्या बिटविग व यू-ही या दोन कंपन्यांनी क्लॅप ही नवी बोली एमआयटी या अत्यंत सैल परवान्याखाली प्रसिद्ध केली. ती वापरण्यास कोणाशी करार करावा लागत नाही आणि कोणी तो रद्दही करू शकत नाही. २०२५ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी ३ लाही एमआयटी परवाना लागू केला. यामागे क्लॅपचा दबाव किती होता हे कंपनीच्या निवेदनांवरून ठरविणे धाडसाचे होईल, परंतु कालक्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जतनाचा प्रश्न

व्यावसायिक क्षेत्राने या संकटावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. अमेरिकेतील रेकॉर्डिंग अकादमीच्या निर्माते व अभियंते विभागाने ध्वनिमुद्रणाचे काम सुपूर्द करण्याविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांचा गाभा असा की, प्रत्येक वाद्याचा ध्वनी प्लग-इनच्या परिणामासह साध्या ध्वनिफाइलमध्ये उतरवून ठेवावा. साधी ध्वनिफाइल वाचण्यासाठी कोणत्याही पाहुण्याची गरज नसते. मोठ्या स्टुडिओत ही शिस्त पाळली जाते. घरच्या संगणकावर काम करणाऱ्यांत ती क्वचित दिसते, आणि २००० नंतरचे फार मोठे संगीत घरच्याच संगणकावर झाले आहे.

या उपायात ध्वनी वाचतो, पण निर्णय वाचत नाही. इक्वलायझरची कळ कोठे होती, गायिकेचा स्वर किती ओढला, रिव्हर्ब कितीदा बदलून शेवटी कोणता ठेवला, ही माहिती साध्या ध्वनिफाइलमध्ये नसते. संगीतरचनेची प्रक्रिया अभ्यासू पाहणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. ती प्रकल्प-फाइलमध्ये असते, आणि प्रकल्प-फाइल वाचायची तर जुना संगणक, जुनी कार्यप्रणाली, यजमानाची जुनी आवृत्ती, प्लग-इन व त्याचा परवाना अशी संपूर्ण साखळी जिवंत हवी. यातील परवान्याची कडी सर्वांत नाजूक आहे. स्टाइनबर्ग व इतर काही कंपन्यांची सॉफ्टवेअर ज्या ई-लायसेन्सर किल्लीवर अवलंबून होती, ती सेवा २०२५ मध्ये बंद झाली. एमआयटी परवान्याची सवलत व्हीएसटी ३ पुरती आहे. १९९९ ते २०१३ या काळातील अनेक गीते ज्या बोलीत बांधली गेली, त्या व्हीएसटी २ चा आज्ञासंच अजूनही जुन्या कराराखालीच आहे.